चारशे बेचाळीसवाले चाचा

इब्राहिमचाचा गाड्यांचा वास घेत. अत्तराच्या दुकानातल्या जाणकार गिऱ्हाइकासारखा, डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत ते रोज सकाळी फिरायला म्हणून खाली उतरत आणि पार्किंगमधल्या प्रत्येक पेट्रोलगाडीच्या झाकणापाशी थांबत. एवढंच त्यांचं फिरणं.

बी विंगमध्ये नव्याने आलेल्या देशपांड्यांनी त्यांना पेट्रोलचोर समजून वॉचमनला हाक मारली होती.

“चोर मी नाय,” चाचा शांतपणे म्हणाले, “चोर तुमचं झाकण हाय. रात्रभर पेट्रोल हवेत उडवतंय. उघडून बघा, मग बोला.”

देशपांड्यांनी रागारागाने झाकण फिरवलं. टक, टक, टक. खरंच ढिलं होतं. पंपावरच्या माणसाने घाईत नुसतं टेकवून ठेवलं होतं. त्या दिवसापासून देशपांडे पेट्रोल भरून आले की स्वतः उतरून तीन टक मोजत.

चाचा तेवीस वर्षं कुवेतच्या एका गॅरेजमध्ये होते. तिथून येताना त्यांनी गाडीचं मन वाचायचं एक मशीन आणलं होतं. हातात मावेल एवढं, खाली लांब वायर, वर छोटा पडदा. त्यांना आकडे पाठ होते, पण पडद्यावरचं इंग्रजी कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं असा त्यांचा हट्ट असे. “तू इंग्लिश मिडियमची ना बेटा? वाच,” असं म्हणून त्यांनी मला एके दिवशी जिन्यातच पकडलं आणि मी त्यांची असिस्टंट झाले. मला फार बोलता येत नाही. वाचून दाखवायचं काम बरं होतं. शब्द दुसऱ्याचे असतात.

पहिलं वाचन आमच्याच गाडीचं झालं. बाबांनी हौसेने परदेशी बनावटीची सेकंडहँड गाडी घेतली होती आणि तिच्यात इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता. गॅरेजवाल्याने अख्खी टाकी बदलायला सांगितली होती.

“पेटणार का हो गाडी?” बाबा तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होते.

“दिवा फडफडला तर घाबरा, भाईसाब. नुसता लागून राहिला तर ऐकून घ्या.” चाचांनी वायर जोडली. “वाच बेटा.”

“पी झीरो चारशे बेचाळीस. इव्हॅप सिस्टिम, स्मॉल लीक.”

“या अल्ला, तोच!” चाचांना जुना दोस्त भेटल्यासारखा आनंद झाला. “पेट्रोल टाकीत नुसतं उभं असलं तरी त्याची वाफ होते. ती वाफ एका कोळशाच्या डब्यात साठते, मग इंजिन ती जाळतं. मधीच गाडी सगळे रस्ते बंद करून बघते, आतला दाब टिकतो का. सुईएवढं भोक असलं तरी कळतं तिला. जमिनीवर थेंब नाय, आवाज नाय, पण कुठूनतरी जातंय.”

झाकणाच्या रबरात माती अडकली होती. त्यांनी ती पुसली, तीन टक केले आणि मला मशीनवरचं हिरवं बटण दाबायला लावलं. दिवा गेला. “दुखणं बरं झालं की दिवा लगेच पुसायचा. बऱ्या माणसाला खाटेवर कशाला ठेवायचं?” हा त्यांचा नियम होता.

मोठ्या गळतीचा आकडा चारशे पंचावन्न. चाचा माणसंही याच हिशेबाने लावत. “तुझे बाबा चारशे पंचावन्न. सगळं धाडकन बाहेर. तू चारशे बेचाळीस. काय जातंय ते कुणाला दिसत नाय.” मी हसून मान खाली घातली. म्हणजे पुन्हा तेच.

चाची जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी, सलमाताई, पेणला शाळेत शिकवायची. नवरा बोटीवर. दोन-तीन महिन्यांतून एखाद्या रविवारी ती औषधं घेऊन यायची आणि वर न जाता पार्किंगमध्येच पिशवी द्यायची.

“अब्बा, तब्येत?”

“अल्हम्दुलिल्ला.”

“गोळ्या घेताय ना?”

“घेतो.”

पालकसभेला आल्यासारखं दोघं बोलत. चाचा कुवेतला गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती. दोन वर्षांतून एकदा चॉकलेटं आणि ब्लँकेट घेऊन येणारा माणूस एवढीच तिची त्यांच्याशी ओळख. ती गेली की चाचा गेटकडे बघत उभे राहत. मी एकदा धीर करून म्हटलं, “फोन करून बोलवा ना.” ते म्हणाले, “तिला कामं असतात.”

मग एका रविवारी ती आली ती गाडीत पिवळा दिवा घेऊनच. “अब्बा, हा आठवडाभर लागून राहिलाय. यांना फोटो पाठवला, तर म्हणाले अब्बांना दाखव.”

चाचा वर जाऊन हात धुऊन आले. गाडी तपासण्याआधी हात धुताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वायर जोडली, मी वाचलं. चारशे बेचाळीस. झाकण ढिलं. पुसलं, तीन टक. मी हिरव्या बटणाकडे बोट नेलं तर त्यांनी मशीन माझ्या हातातून काढून खिशात घातलं.

“दिवा?” सलमाताईने विचारलं.

“जाईल आपोआप. गाडी पुन्हा पुन्हा तपासते. इंजिन थंड पाहिजे, टाकी अर्धीमुर्धी पाहिजे. खात्री झाली की स्वतः विझवते. भरवसा बसायला वेळ लागतो तिला. पुढच्या रविवारी दाखवून जा.”

“मशीनने पुसता नाही येत?”

“या मशीनमधी ते बटण नाय.”

गुरुवारीच मी देशपांड्यांच्या गाडीवर ते बटण दाबलं होतं. मी चाचांकडे पाहिलं. ते झाकणाकडे बघत होते. मी गप्प बसले. ते मला जमतं.

पुढच्या रविवारी ती आली. दिवा होता. त्याच्या पुढच्याही. आता ती वर जाऊन चहा घ्यायची. तिसऱ्या रविवारी जिन्यात तळलेल्या मांदेलीचा वास होता आणि आमच्या गॅलरीतून मला दिसलं, गाडीशेजारी वाकून चाचा तिला कोळशाच्या डब्याची जागा दाखवत होते. ती काहीतरी बोलली आणि चाचा हसले, अगदी दात दिसेपर्यंत.

पाचव्या रविवारी मी दुधाची पिशवी घेऊन येत होते तेव्हा ती गाडीतून उतरत म्हणाली, “अब्बा, गेला! कालच गेला!”

“बरं झालं,” चाचा म्हणाले. खिशातल्या मशीनवर त्यांचा हात गेला. “मग आता यायची गरज नाय.” एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं म्हणाले.

मग मीच बोलले.

“ताई, तो परत येतो कधीकधी. पुढच्या रविवारी पण दाखवलेला बरा.”

पार्किंगमध्ये मी बोललेलं ते सगळ्यात लांब वाक्य असावं. सलमाताईने माझ्याकडे पाहिलं, चाचांच्या खिशातून लोंबणाऱ्या वायरकडे पाहिलं. मग माझ्या हातातली दुधाची पिशवी सावरल्यासारखं करत हळूच म्हणाली, “हिरवं बटण मला माहीत आहे. अब्बा कुवेतहून आले तेव्हा या मशीनचं पुस्तक मीच त्यांना वाचून दाखवलं होतं.”

आणि मोठ्याने, “अब्बा, पुढच्या रविवारी मांदेली नको. कोलंबी करा.”

चाचा वळून शेजारच्या गाडीपाशी गेले आणि डोळे मिटून, मान तिरकी करून, आमच्याकडे पाठ करून बराच वेळ वास घेत उभे राहिले. ती गाडी डिझेलची होती. एरवी ते तिच्याकडे ढुंकूनही बघत नसत.