शंकरआबांची मागची सीट

शंकरआबा मोटारसायकल चालवताना दर शंभर पावलांवर मान न वळवता मागे विचारतात, "हाय का?" मागे बसलेल्याने "हाय" म्हणायचं. उत्तर आलं की आबा निवांत होतात आणि वेग वाढवतात. म्हणजे वीसचा पंचवीस.

गंमत अशी, की गेली दोन वर्षं त्यांच्या मागे कुणी बसतच नाही. तरी विचारतात. वराळ्यातल्या आमच्या कॉलनीतून कोथिंबिरीची जुडी आणायला एकटे निघालेले आबा कोपऱ्यावर "हाय का?" म्हणून ओरडतात. एखादवेळी गच्चीवर कपडे वाळत घालणारं कुणीतरी गमतीने "हाय!" म्हणतं. आबा तेवढ्यावर समाधान मानतात.

आबा मूळचे टाकव्याचे. अख्खी नोकरी देहूरोडच्या दारूगोळ्याच्या डेपोत गेली. तिथे खिशात काडेपेटी सापडणं म्हणजे मोठा गुन्हा. ती धास्ती त्यांनी निवृत्तीबरोबर घरी आणली, आणि सोबत वाळूने भरलेली एक लाल बादलीही. "पापड भाजायचा म्हटलं तरी हे बादली घिऊन हुबं ऱ्हात्यात," असं सुमनमावशी म्हणतात. मावशी त्यांच्या पत्नी. दर रविवारी त्या लोणावळ्याला बहिणीकडे लोकलने जातात, आणि आबा मोटारसायकलने एकटे. का, असं विचारलं की आबा म्हणतात, "मग गाडी काय दारात कुजवायची?"

अशा माणसाने एक दिवस मला म्हणावं, "माज्या गाडीला ते तापणारं बसवून दे"?

तापणारं म्हणजे हँडलच्या ग्रिपवर गुंडाळायचे पट्टे. आत तारा असतात, बॅटरीवर गरम होतात, थंडीत बोटं बधिर होत नाहीत. मी माझ्या गाडीला बसवले होते. पहिल्याच फेरीत चहाला थांबलो आणि स्विच बंद करायला विसरलो. खंडाळ्यात बॅटरी उतरली; पट्टे गरम आणि गाडी थंडगार. घामाघूम होऊन ढकलत आणली. पण कॉलनीत मला सगळे 'टेक्निकल माणूस' म्हणतात, आणि मी ते कधी नाकारलेलं नाही.

"बोटं बधिर व्हायची न्हाईत ना?" आबांनी विचारलं.

"नाही."

"पकड सुटायची न्हाई?"

"नाही हो आबा."

हे तीनदा झालं.

रविवारी पाना घेऊन मी हँडलशी बसलो, तर आबा म्हणाले, "म्होरं न्हाई. मागं."

"मागं कुठं?"

"मागच्या कडीला." सीटच्या मागे धरायला लोखंडी कडी असते, तिला.

"अहो, पण मागं बसतं कोण?"

आबांनी नुसती बादली जवळ सरकवली.

मी पट्टे कडीला गुंडाळले, वायर सीटखालून नेली आणि थेट बॅटरीला जोडली. एवढ्याशा वायरला फ्यूज कशाला, असा माझा तांत्रिक निर्णय होता. स्विच दाबला. सीटखालून आधी वास आला, मग धूर. आधी किंचाळलं कोण, यावर कॉलनीत एकमत आहे: मी. आबांनी बादली उपडी केली. अर्धी वाळू बॅटरीवर, अर्धी माझ्या डोक्यावर. मग ते पायरीवर बसले. मला वाटलं, संपलं. पण कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "पुन्यांदा जोड. ह्या बारीला फ्यूज घालून."

पापडाला घाबरणारा माणूस असं म्हणतो, तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी चाचणी. मागे मी. "कडी सोडू नगंस," असं आबांनी चारदा बजावलं. कामशेतच्या पुढे धुकं इतकं दाट, की समोरचा ट्रक आधी ऐकू यायचा आणि अगदी अंगावर आल्यावर दिसायचा. माझे तळवे मात्र झकास शेकत होते.

"हाय का?"

"हाय."

चाळीसेक वेळा 'हाय' म्हटल्यावर माझ्यातला वात्रटपणा जागा झाला. एका गतिरोधकावर आबांनी गाडी जवळजवळ थांबवलीच. मी दोन्ही पाय टेकवून उभा राहिलो, आणि गाडी माझ्या खालून निघून गेली. मी पोट धरून हसत होतो.

धुक्यातून आवाज आला, "हाय का?"

मग जरा लांबून, "हाय का?"

मग ब्रेकचा कर्कश आवाज, गाडी पडल्याचा धडाम्, आणि रस्त्यावरून पळत येणारी पावलं. "सुमन! ए सुमन!"

मावशींचं नाव आबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ते त्यांना 'अगं' म्हणतात. आणि माझ्या पाठीमागून ट्रक येत होता, आणि आबा रस्त्याच्या मधोमध पळत होते.

"आबा, कडंला व्हा! मी हाय! हाय!" मी आयुष्यात इतक्या जोराने ओरडलो नव्हतो. ट्रक हॉर्न देत आमच्या मधून गेला. तो गेल्यावर दिसलं, आबा कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर गुडघे टेकून हातांनी डांबर चाचपत होते.

मला पाहिल्यावर ते रागावले नाहीत. आधी माझं मनगट धरलं आणि दाबून पाहिलं. "दुखतंय?"

"नाही, आबा."

"लोणावळ्यास्नं परत येताना हितंच पडलीवती ती. दोन वर्सं झाली. थंडीनं बोटं वाकंनात, कडी सुटली. मी आपला बोलत म्होरं गेलो. ती बोलंना. मला वाटलं, रुसली आसंल." आबांनी माझं मनगट सोडलं. "कामशेतपातूर बटाट्याचा भाव सांगत गेलतो मी. एकटाच."

मनगट मोडलं होतं, ते जुळलं. मावशी पुन्हा गाडीवर बसल्या नाहीत.

त्याच्या पुढच्या रविवारी आबांनी गाडी फाटकाशी लावली. आरसा फुटलेला, कडी गरम. मावशी पिशवी घेऊन स्टेशनकडेच निघाल्या होत्या. पट्ट्यांकडे पाहून म्हणाल्या, "ह्याच्यावर पापड भाजायचा व्हय?" आबा हसले नाहीत. मावशींनी उजवा हात कडीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग बसल्या.

"लोकल गेली तर?" मी विचारलं.

"जाऊ दे," त्या म्हणाल्या.

धुकं होतंच. गाडी त्यात शिरली.

"हाय का?"

"हाय."

"हाय का?"

"हाय की वो, म्होरं बघा!"

मग कोपऱ्यापलीकडून प्रश्न ऐकू आला. उत्तर काही आलं नाही. मी कान टवकारले. काहीच नाही. फ्यूज नीट बसवला होता ना? वायर घासत नव्हती ना? मी रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून ओरडलो, "हाय का?"

गच्चीवर कपडे वाळत घालणारं कुणीतरी म्हणालं, "हाय!"

मी तेवढ्यावर समाधान मानलं.