तातडीचं कलम

हेडक्लार्कसाहेबांनी घरातल्या एकुलत्या एक संडासाच्या दारावर खिळा ठोकून वही टांगली, त्याला कारण त्यांचा मेहुणा. दोन दिवसांसाठी आलेला हा गृहस्थ तीन महिने मुक्काम ठोकून होता आणि रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन आत जायचा तो छोट्या जाहिराती संपवूनच बाहेर यायचा.

"ज्याची नोंद आधी, तो आत आधी!" साहेब कडाडले. "कचेऱ्यांना शिव्या घालता, पण कचेरी जन्मालाच का आली? राजाच्या मेहुण्याला आणि रस्त्यावरच्या माणसाला एकच रांग मिळावी म्हणून! निर्णय तोंड बघून नाही, कागद बघून!"

"माझ्या भावाला टोमणा मारायचा तर सरळ मारा. राजाला कशाला मध्ये आणता?" बायको म्हणाली.

पक्षपाताचा आरोप नको म्हणून साहेबांनी वही तिच्याच ताब्यात दिली. (तत्त्वनिष्ठ माणूस स्वतःचा खड्डा असा मोजमाप घेऊन खणतो.)

चौथ्या दिवशी पहाटेच साहेबांच्या पोटात रणगाडे फिरू लागले. धावत येऊन पाहतात, तर दार बंद.

"आत कोण आहे?"

"नोंद क्रमांक एक," बायको वही उघडत म्हणाली. "तुमची नोंदच नाही."

"अगं, तातडी आहे!"

"तातडीचं कलम कुठंय? 'तातडी म्हणजे वशिल्याचं मागचं दार' म्हणून तुम्हीच खोडलंत."

आतून आवाज आला, "दाजी, तत्त्व सोडू नका हां! अजून अग्रलेख राहिलाय."

"अरे नालायका, हा काय कारभार आहे?" साहेब संतापाने थरथरले. (निव्वळ संतापाने नव्हे.) शेवटी पायाला पायाची अढी घालून, भिंतीवर कागद धरून त्यांनी अर्ज खरडला.

बायकोने तो सावकाश वाचला. "यात कारण नाही."

"माझ्याकडे बघून कळत नाही?"

"तोंड बघून नाही, कागद बघून."

त्यांनी लिहिलं, 'पोट'.

"पोटाचं काय? सविस्तर लिहा."

साहेबांनी सविस्तर लिहिलं. खाली सही केली, तारीख घातली. बायकोने 'मंजूर' असा शेरा मारला आणि त्याच क्षणी कडी वाजली. मेहुणा वर्तमानपत्राची घडी घालत अदबीने बाजूला झाला.

"या दाजी."

साहेब जागचे हलले नाहीत.

"जा ना आता! मंजूर झालाय अर्ज."

"अर्ज मागे घेतो," ते भिंतीकडे बघत क्षीण आवाजात म्हणाले. "फक्त एक धुतलेला पायजमा मंजूर कर."