सतरा वेळा नापास

मानवजातीची प्रगती म्हणजे वाचवलेल्या सेकंदांची बेरीज होय. आमच्या परीक्षा कार्यालयातले एकमेव प्रोग्रामर या बेरजेत मोलाची भर घालत असत. पालकांना निकाल कळवणारा प्रोग्राम चालवायला, तो ज्यात लिहिला त्या एडिटरमधल्या हिरव्या खुणेवर क्लिक करावं लागे. त्यात दोन सेकंद जात. (निकाल वर्षातून दोनदा लागतो, सबब वार्षिक अपव्यय चार सेकंद.) हे त्यांच्या जिवाला लागलं. एकोणीस दिवस खपून त्यांनी कीबोर्डवरची तीन बटणं एकदम दाबली की प्रोग्राम चालावा, अशी सोय केली. मग हिरवी खूण निरुपयोगी ठरली, काढली. मेनू काढला. प्रोग्राम चालला की नाही हे सांगणारी खालची चौकटही काढली, कारण ती डोळ्यांना खुपत होती. पडदा इतका स्वच्छ झाला की साहेबांनी कौतुकाने विचारलं, "हा बंद आहे का?"

निकालाच्या दिवशी सकाळीच प्रोग्रामरांचा डावा हात दारात चेमटला. तरी ते बँडेज बांधून वेळेवर हजर झाले.

"कोणती बटणं ते सांगा, मी दाबते," टायपिस्टबाई म्हणाल्या.

"मला नाही हो आठवत. बोटांना माहीत आहे."

"मग बोटांना विचारा."

त्यांनी डोळे मिटून बँडेजातली बोटं हवेत नाचवली. बाईंनी ती नीट न्याहाळून तीन बटणं दाबली. पडदा ढिम्म.

"परत. जरा जोरात."

असं दुपारपर्यंत सतरा वेळा झालं.

बाईंनी पहिल्याच खेपेला बरोबर बटणं दाबली होती, हे चौकशीत निष्पन्न झालं. म्हणजे तीन हजार दोनशे पालकांच्या फोनवर निकाल सतरा वेळा गेला. पास झालेल्यांकडून तक्रार आली नाही. एका आईचा मात्र त्याच दिवशी फोन आला.

"पोरगी नापास झाली, ते पहिल्याच मेसेजला कळलं हो. समजूत घालून तिला खोलीबाहेर आणते, की परत फोन वाजतो. आता ती दारच उघडत नाहीये."

फोन प्रोग्रामरांनी उचलला होता. रिसीव्हर बाईंनी घेतला आणि त्या बराच वेळ नुसत्या "चुकलं ताई, चुकलं" म्हणत राहिल्या.

चौकशी समितीने गंभीर दखल घेऊन तीनऐवजी चार बटणांची शिफारस केली आहे. त्या मुलीने दार उघडलं का, याची नोंद अहवालात नाही. तसं कुणी विचारलंही नाही. या प्रकरणी कार्यालयात आजवर जेवढी पत्रं आली, त्या सगळ्यांत चौकशी एकच आहे, आणि सुज्ञ वाचकहो, तुमच्याही मनात ती केव्हाची घोळत असणार: ती तीन बटणं नेमकी कोणती?