अनुकूल मंडलची पकड

अनुकूल मंडल माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहायचा, आधी घोट्याकडे. कॉलनीत नवीन बिऱ्हाड आलं की आपण नाव-गाव विचारतो. अनुकूल खाली बघून मनाशीच मान हलवायचा. महिन्याभराने त्या माणसाचा विषय निघाला की म्हणायचा, "कोण, तो पतल्या घोट्याचा?" भद्रावतीजवळच्या आमच्या कोळसा खाणीच्या कॉलनीतले निम्मे लोक त्याला असे पायांवरूनच ठाऊक होते. मी खोब्रागडे, टाइम ऑफिसात हजेरीबाबू आणि वरून कबड्डी टीमचा सेक्रेटरी. त्याच्या लेखी मात्र मी 'सपाट पायाचे बाबू'.

आमचा रामटेके फिटर बहिणीसाठी मुलगा पाहायला गेला, तेव्हा मंडळी भारदस्त दिसावी म्हणून अनुकूललाही घेऊन गेला. परतताना सगळे मुलाचं कौतुक करत होते. अनुकूल तेवढा म्हणाला, "पोरगा उभा राह्यते तं सगळं वजन पंज्यावर. असा गडी टिकत नाई. केव्हा सटकन, भरोसा नाई." कोणी मनावर घेतलं नाही. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी मुलगा कोणाला न सांगता सुरतेला निघून गेला. तेव्हापासून कॉलनीत ज्याच्या घरी लग्नाची मुलगी, तो अनुकूलला आधी गाठायचा. हाही जायचा, पोह्यांची बशी दोनदा रिकामी करायचा, आणि मुलगा चहा घेऊन आला की पलंगावरून इतका वाकायचा, की यजमानांना वाटावं पाहुण्याचं काही खाली पडलं.

हा नाद त्याला धंद्यामुळे लागला होता. अनुकूल कोपऱ्यावरचा कबड्डीपटू होता. समोरचा गडी चढाईला आला की झेप घेऊन त्याचा पाय धरायचा आणि बाकीचे येईस्तोवर सोडायचा नाही, एवढंच त्याचं काम. बोटं केळीच्या घडासारखी. एकदा पाय त्या बोटांत गेला की गडी खाली बसूनच हिशोब करायचा, आता घरी कोणाला निरोप पाठवायचा. अनुकूलचं त्यावर एकच वाक्य असे, "पोकडलं तं पोकडलं." त्याच्या झाडीपट्टीच्या बोलीत बंगालीतला 'ओ' असा मधूनमधून डोकावायचा.

कारण त्याचं घराणं पूर्व बंगालचं. फाळणीनंतर तिकडून निघालेली ही माणसं कुठल्या कुठल्या छावण्यांतून फिरत शेवटी चामोर्शीकडच्या जंगलात वसवली गेली. अनुकूल तेव्हा बापाच्या बोटाला धरून आला. धान लावायला आणि मासे धरायला तो बापाकडून शिकला, पाय धरायला मात्र आपणहून. मार्कंड्याच्या जत्रेतल्या सामन्यांत त्याने एका नामी गड्याला धरलं, ते पंचाची शिट्टी वाजून गेल्यावरही धरूनच ठेवलं. चार माणसांनी बोटं सोडवली. तिथून त्याची ख्याती पसरली. आसपासची क्रीडा मंडळं त्याला पाहुणा खेळाडू म्हणून एसटीने बोलावू लागली. एका हंगामात तो सहा मंडळांकडून खेळला. बाकीचे मंडळाकडून खेळतात, हा जातीने मंडल, असं लोक हसून म्हणत. बक्षिसात सायकल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, एकदा तर बोकड मिळाला. तो एसटीत घेत नाहीत म्हणून हा त्याच्यासोबत अठरा किलोमीटर चालत घरी गेला, आणि मग इतक्या ओळखीच्या बोकडाला कापायचं कसं म्हणून त्याला पाळून बसला.

मीच त्याला खाणीत आणला. खेळाडूंच्या जागेवर मजूर म्हणून लागला आणि आमच्या टीमला कोपरा मिळाला. पुढे जिल्ह्याच्या निवडीला घेऊन गेलो. नुकताच चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला होता आणि कोण कुठल्या जिल्ह्याचा, यावरून मैदानात रोज भांडणं होती. निवडीच्या साहेबांनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "मूळ जिल्हा?"

अनुकूल हात जोडून म्हणाला, "साहेब, पहिला जिल्हा पाकिस्तानात गेला. मंग तिथचं पाकिस्तानही गेलं. इथी आलो तं म्हणे चंद्रपूर. आता गाव माह्यं गडचिरोलीत गेलं. म्या जागीच हाओ साहेब, जिल्हेच पळून राह्यले."

साहेब हसले आणि त्यांनी त्याचं नाव घेतलं. पण पहिल्याच सामन्यात आमचे सगळे गडी बाद होऊन अनुकूल एकटा उरला आणि त्याला स्वतः चढाईला जावं लागलं. छाती भरून श्वास घेतला, आणि तोंडातून निघालं, "हा-डु-डु-डु-डु!" त्यांच्याकडे या खेळाला हाडुडूच म्हणतात. पंचाने शिट्टी फुंकून त्याला बाद केलं. मी पंचाशी भांडलो, मग अनुकूलवर भडकलो. तो ओशाळून म्हणाला, "काय करू बाबू? कबड्डीच बोलाले गेलो होतो. दम भरला का मायचीच बोली येते."

त्या मायला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. बाप आधीच गेला होता, आणि थोरला भाऊ बायकामुलांना घेऊन बंगालला निघून गेला होता. हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असलेल्या सगळ्याच गोष्टींचा आपण कुठे विचार करतो?

मग पोंभुर्ण्याचे सामने आले. त्यांच्याकडे देवराव नावाचा चढाईचा गडी होता. शेतकरी माणूस, तिशीचा, हरणासारखा. त्याने आमचे तीन बाद केले आणि मागे वळला, तेवढ्यात अनुकूलने पाय धरला. वरून आमचे चौघे पडले. पायाचं हाड मोडल्याचा आवाज मला दोरीबाहेर ऐकू आला. अनुकूलने त्या दिवशी बोटं पहिल्यांदा आपणहून सोडली. देवरावला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं. खेळात होतं असं, म्हणून पंचांनी सामना पुढे चालू केला. आम्ही जिंकलो. ढाल घेऊन आम्ही फोटो काढला, त्यात अनुकूल नाही.

पुढच्या हंगामात त्याला काय झालं, मला कळेना. झेप तीच, हात पोचायचा तिथेच, पण बोटं मिटायची नाहीत. गडी सुटायचे. कोणी म्हणे, वजन वाढलं. कोणी म्हणे, सरकारी पगार अंगावर चढला. आमच्याच मैदानावर अंतिम सामना झाला. बरोबरीत होतो, शेवटची चढाई. समोरच्या पोराने आमच्या एकाला हात लावला आणि वळताना त्याचा पाय सरळ अनुकूलच्या हातात आला. मी दोरीपाशीच उभा होतो, मला स्पष्ट दिसलं. हाताने पाय धरला, आणि सोडून दिला.

ढाल गेली. सगळ्यांदेखत मी त्याला म्हणालो, "तुले नोकरी पकडीसाठी भेटली, हे ध्यानात हाये ना?"

"हाये बाबू," तो म्हणाला.

"मंग काऊन सोडला?"

त्याने माझ्या पायांकडे पाहिलं. मी टीमच्या यादीतून त्याचं नाव काढलं. मैदान आखायची हलकी ड्युटी गेली आणि त्याला खाली कोळसा भरायला पाठवलं. त्याने तक्रार केली नाही. हजेरीच्या खिडकीवर तो पहिल्यासारखाच नमस्कार करायचा. मी रजिस्टरमध्ये बघायचो.

त्या पावसाळ्यात माझ्या साळ्याकडे पोंभुर्ण्याला जाणं झालं. इतवार होता. बसमधून उतरून बांधावरून चाललो होतो. शेतातल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या चौकोनी वाफ्यांत, रोवणी सुरू होती. दहा-बारा बाया वाकून रोपं लावत होत्या आणि त्यांच्या रांगेत मधोमध एक दारासारखी रुंद पाठ. आमच्याकडे रोवणी बायांचं काम, गडी त्या रांगेत जात नाही. एक बाई म्हणत होती, "ओ भाऊ, उद्या लुगडं नेसून येजा!" बाकीच्या हसत होत्या. ती पाठही हसत होती. मी थांबलो. अनुकूल मंडलची पाठ मी कुठेही ओळखली असती.

बांधावर काठी घेऊन देवराव बसला होता. त्याने मला ओळखलं. पाय जुळला होता, पण थोडा वाकडा.

"हा इथी काऊन?" मी विचारलं.

"मागल्या सालापासून येऊन राह्यला," देवराव म्हणाला. "माह्या पायाले पलस्तर होतं, रोवणी तोंडावर. एका इतवारी सकाळच्या गाडीनं आला, मले काई बोलला नाई, सरळ बांधीत उतरला. मंग कापणीले आला, मळणीले आला. आता तं माह्या बायकोचा भाऊही मदतीले राह्यते. म्या त्याले दोनदा म्हटलं, भाऊ, झालं आता, नको येऊ. खेळात लागलं होतं, तुह्यी चूक नाई. तं म्हणते कसा, मंग इतवारी म्या कुठी जाऊ?"

एवढ्यात अनुकूलने मान वर केली आणि मला पाहिलं. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात रोपांची पेंडी. चोरी पकडल्यासारखा उभा राहिला.

"टीमले नको सांगजा बाबू," तो म्हणाला. "हासतील."

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये आम्ही एकाच बाकावर बसलो. दोघांची तिकिटं मी काढली. मग म्हणालो, "अनुकूल, मी तुले सगळ्यांपुढे बोललो. चुकलं माह्यं. पुढल्या इतवारी घरी जेवाले ये."

त्याने बोटांवर मोजलं. "पुढल्या इतवारी नाई जमत. दोन बांध्या राह्यल्या अजून."

"बरं. मंग राहू दे."

बस पुढे निघाली. बाहेर अंधारून येत होतं, पाऊस भुरभुरत होता. मला वाटलं, त्याला झोप लागली.

"त्याच्या पुढच्या इतवारी जमते," तो एकदम म्हणाला. "मासोळी म्या आणतो. वहिनीले फक्त भात टाकाले सांगजा."

"सांगतो."

मूल गावचा थांबा आला, बसमध्ये माणसं चढली, उतरली. अनुकूल खिडकीबाहेर पाहत होता.

"बाबू," तो म्हणाला, "पक्कं ना?"

"पक्कं."

चंद्रपूर येईपर्यंत त्याने मला ते आणखी तीनदा विचारलं.