प्रेरणास्रोत : दुसरा मजला, डावीकडचं दार

वाचनालयाच्या फलकावर सोमवारी सकाळी कथास्पर्धेची सूचना लागली. विषय : ‘एकटा शेजारी’. शब्दमर्यादा एक हजार. कथा प्रत्यक्ष अनुभवावर बेतलेली असावी आणि प्रेरणास्रोत हयात असावा, अशी चौथी अट होती. कथा पुढच्या गुरुवारी सकाळी नऊ ते बारा या वेळात लेखकाने स्वतः आणून द्यायची होती.

आवक-जावक विभागातल्या कारकुनाने सूचना तीनदा वाचली. त्याच्या आजवर अकरा कथा साभार परत आल्या होत्या. बारावी परत आली, तर लिहिणं सोडायचं असं त्याने बायकोसमोर कबूल केलं होतं.

घरी येऊन त्याने विचारलं, “आपल्या शेजारी एकटं असं कोण आहे गं?”

“वरचे घड्याळवाले काका. आठ वर्षं आपल्या डोक्यावर राहतात.”

“अरे हो की. कधी लक्षातच आलं नाही.”

“यायचं कसं? स्पर्धा कुठे होती तेव्हा?” बायको म्हणाली.

कारकून वही घेऊन वर गेला. काकांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. बायको गेली, एक डोळा गेला, आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. त्यांनी चाचपडत खुर्ची ओढली, स्वतःच्या सदऱ्याने पुसली.

“बसा. तुमची चाहूल रोज लागते. डावी चप्पल कुरकुरते तुमची.” मग म्हणाले, “एक काम होतं. पुढच्या गुरुवारी सकाळी नऊला डोळ्याचं ऑपरेशन आहे. सोबत एक माणूस लागतो, सहीपुरता. त्याशिवाय आत घेत नाहीत. दोनदा परत पाठवलंय.”

कारकुनाच्या अंगावर काटा आला. इतकं जिवंत वाक्य त्याला आयुष्यात सुचलं नव्हतं. त्याने ते जसंच्या तसं टिपून घेतलं. “वा, काका,” तो म्हणाला, “गुरुवारचं बघू.”

पण स्पर्धेची सूचना सगळ्यांनीच वाचली होती. सोसायटीच्या तिन्ही इमारतींत मिळून नियमात बसेल असा एकटा माणूस हा एवढाच. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची आई मागच्या खोलीत दिवसभर भिंतीशी बोलत असे, पण ती घरातली पडली. नियमात शेजारी म्हटलं होतं. डॉक्टरही दोन जिने चढून काकांकडे आले.

गर्दी वाढली तशी सेक्रेटरींनी जिन्याखाली नोंदवही ठेवली. दरडोई पंधरा मिनिटं. शनिवारपर्यंत एक्केचाळीस लेखकांनी प्रेरणा घेतली, आणि भलतीच अडचण उभी राहिली. काकांचा चेहरा उजळला. ते केस विंचरून बसू लागले. एकदा तर चक्क हसले.

निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी लेखी तक्रार केली : ‘सततच्या वर्दळीमुळे प्रेरणास्रोताच्या एकटेपणाचा दर्जा खालावत असून मागाहून येणाऱ्या लेखकांवर अन्याय होत आहे.’ तातडीची सभा झाली. यापुढे लेखकांनी दारात उभं राहून निरीक्षण करावं, बोलू नये, डबा आणू नये, असा ठराव एकमताने संमत झाला. शक्यतो हसू नये, हे काकांना सेक्रेटरींनी प्रेमाने समजावलं.

“बरं,” काका म्हणाले. “पण ते गुरुवारचं...”

पुढची तीन टिंबंसुद्धा सगळ्यांनी लिहून घेतली.

बुधवारी संध्याकाळी बायकोने विचारलं, “अहो, उद्या काकांबरोबर कोण जातंय?”

“एक्केचाळीस माणसं येऊन गेली. कोणीतरी जाईलच.”

“तुम्ही?”

“मला कथेची पोच घ्यायची आहे. तू जा ना.”

बायकोने साड्यांच्या घडीखालून टाचणी लावलेले सात कागद काढले. “महिला गटालाही उद्या बाराचीच मुदत आहे.”

गुरुवारी आठ वाजल्यापासून काका धुतलेला सदरा घालून, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन खालच्या पायरीवर बसले होते. कारकून त्यांच्या शेजारून उतरला तेव्हा चपला हातात होत्या. वाचनालयासमोर रांग लागली होती. कथेचा शेवट त्याने आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता : कोणीही येत नाही. तो तंतोतंत खरा ठरला, याचं त्याला लेखक म्हणून समाधान वाटलं.

आठवड्याने परीक्षकांचं पत्र आलं. ‘आपली कथा हृदयस्पर्शी आहे. मात्र एवढी माणसं दारी येतात आणि एकही सोबत जात नाही, हे पटत नाही. आपला वाचक सहृदय आहे. असं घडताना तो पाहणार नाही. शेवटात योग्य ती दुरुस्ती करून कथा आठ दिवसांत फेरसादर करावी.’

कारकुनाने त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली. नव्या शेवटात शेजारी काकांचा हात धरून दवाखान्यात जातो, सही करतो, आणि पट्टी सुटल्यावर काकांना पहिला दिसतो तो त्याचाच चेहरा. कथेला पहिलं पारितोषिक मिळालं. वाचनालयाच्या अंकात ती छापून आली. डॉक्टर दोनदा रडले, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

रविवारी कारकून अंक घेऊन वर गेला. काकांना दिसत नसल्याने त्याने कथा मोठ्याने वाचून दाखवली.

काका म्हणाले, “म्हणजे झालं त्याचं ऑपरेशन.”

“झालं.”

“आणि शेजारी गेला सोबत. सही केली.”

“केली.”

“भला माणूस. त्याचा पत्ता द्याल का? मला नवी तारीख मिळाली आहे, वीस.”

“काका, तो गोष्टीतला आहे.”

“असं होय.” काकांनी अंकावरून हलकेच बोटं फिरवली. “मग ही गोष्ट वाचणाऱ्यांना तरी विचारून पाहा. इथपर्यंत वाचत आलेत म्हणजे थोडा वेळ असणार त्यांच्याकडे. वीस तारखेला सकाळी नऊला कोणी मोकळं आहे का?”