ताण, ज्येष्ठतेनुसार

इंचन शहरातल्या एका वॉशिंग मशीन कंपनीच्या समुपदेशन खोलीत त्या दुपारी तक्रार विभागाची सहा माणसं, सहा खुर्च्या, एक समुपदेशिका आणि कागदी रुमालांचा एक डबा होता. डबा सर्वांत धाकट्या हे-रानच्या मांडीवर होता, कारण मोठ्यांना हवं-नको बघणं धाकट्याकडे असतं.

फोन वाजला की हे-रानचा श्वास अडकायचा. हल्ली न वाजताही अडकायचा. तिला महिनाभर सुट्टी हवी होती, आणि ती ताण आठ किंवा त्याहून जास्त असणाऱ्यालाच मिळणार होती.

"दहापैकी किती ताण आहे ते सांगा," समुपदेशिका म्यो-सुक बाई म्हणाल्या. "कुणीही सुरुवात करा."

कुणीही म्हणजे विभागप्रमुख थाक साहेब, हे सर्वांना ठाऊक होतं. जेवताना त्यांच्याआधी चमचा उचलत नाहीत, तिथे दुःखाला हात कोण घालणार?

"मला कसला आलाय ताण? दोन."

उपप्रमुख फेंग साहेब दोनाच्या खाली किती आकडे उरतात ते बोटांवर मोजू लागले. साहेबांपेक्षा जास्त दुःखी असणं हा शुद्ध उद्धटपणा होता.

"साहेब, जरा वर सरका ना!" कू ताई कळवळल्या. "तुम्हीच दोनवर बसलात, तर आम्ही बसायचं कुठे?"

साहेब मनाने मोठे. "बरं बाबा, पोरांसाठी दहा!"

"नऊ," फेंग साहेब म्हणाले.

"आठ," कू ताई म्हणाल्या.

पुढच्या दोघांनी सात आणि सहा घेतले.

"नऊ," हे-रान पुटपुटली.

पाचही माना तिच्याकडे वळल्या.

"नऊ? माझ्याइतका?" फेंग साहेब ताडकन उठले. "तुझं वय काय, माझं वय काय! अठरा वर्षं शिव्या खातोय मी इथे. तू तर आत्ता पानावर बसलीस!"

"चुकलं. पाच." हे-रान कमरेत वाकली. मग मोठ्यांसमोर दारू पिताना वळवतात तसं भिंतीकडे तोंड वळवून रडली.

"नजर टाळते ही," बाई चिंतेने म्हणाल्या.

"वळण चांगलं आहे हो पोरीला," कू ताई म्हणाल्या.

वरच्या तिघांना सुट्टी मिळाली. त्यांचे फोन खालच्या तिघांवर आले, आणि त्यातले बरेचसे धाकटी म्हणून हे-रानवर. निरोपाचं जेवण तिनेच ठरवलं, मांसही तिनेच भाजलं.

"मन हलकं करायला शीक गं," थाक साहेब तिचा प्याला भरत म्हणाले.

पुढच्या बैठकीला हे-रानचा श्वास जिन्यातच अडकला. थाक साहेब जेजू बेटाच्या किनाऱ्यावरून रापून, टवटवीत होऊन आले होते.

"शून्य!" ते गरजले.

"उणे एक," फेंग साहेब म्हणाले. "उणे दोन," कू ताई म्हणाल्या. पुढचे दोघेही बिनतक्रार एकेक पायरी खाली उतरले.

हे-रानने तोंड उघडलं. आवाज फुटेना. ओठ निळसर झाले होते. सगळे कौतुकाने वाट पाहत राहिले.

"लाजतेय," कू ताई म्हणाल्या. "लिहा, उणे पाच."

संध्याकाळी सूचनाफलकावर निकाल लागला. विभागाचा सरासरी ताण: उणे अडीच.