यंत्रांना शिवलेली झबली

"सांभाळणं म्हणजे काय ते मला कोणी शिकवू नये," असं अण्णा त्या सकाळी म्हणाले. ते असं काही म्हणाले की घरात लवकरच काहीतरी बिघडतं, हे त्यांच्या बायकोला अनुभवाने ठाऊक होतं. पण तिच्या ओठांत दोऱ्याचं टोक होतं, म्हणून तिने नुसतंच "हूं" केलं आणि जुन्या पडद्याच्या कापडाला नाडी घालायला घेतली.

अण्णांनी जन्मभर ग्रंथालय सांभाळलं होतं. पुस्तकांना त्यांनी वाळवी लागू दिली नाही, धूळ लागू दिली नाही आणि जमेल तिथवर वाचकही लागू दिला नाही. निवृत्तीनंतर घरात त्यांची स्वतःची पुस्तकांची खोली होती. गेल्या वर्षी ती जावयाने मागून घेतली. पुस्तकं माळ्यावर चढली आणि खोलीत काळी, उंच कपाटं आली. त्या कपाटांत यंत्रं, यंत्रांत हिरवे दिवे आणि दिव्यांमागे लोकांची माहिती, असा जावयाचा धंदा होता. कोणाचा दवाखाना, कोणाचं बियाण्यांचं दुकान. त्यांचे डेटाबेस हा आपल्याकडे ठेवून घ्यायचा, जपायचा आणि मागितल्या क्षणी हवी ती माहिती द्यायचा.

"सगळ्यांचं सगळं ठेवून घेणारे पुष्कळ आहेत," जावई जेवताना सांगायचा. "फक्त डेटाबेसच सांभाळणारे, त्यातल्या खाचाखोचा कळणारे मिळत नाहीत. फार मागणी आहे."

"मागणी आहे, तर मागणारे कुठे आहेत?" सासूबाई विचारायच्या आणि त्याच्या पानात आणखी भात वाढायच्या.

आता एक मागणारी खरोखरच येणार होती. गावोगावी चष्म्यांची दुकानं असलेल्या एक बाई. त्यांची जुनी व्यवस्था एकदा ऐन गर्दीत बंद पडली आणि प्रत्येक दुकानात माणसं डोळे मिचकावत बसून राहिली, तेव्हापासून बाईंचा कोणावर विश्वास नव्हता. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं; अण्णांचा चष्माही तिथलाच. तेवढ्या एका दुकानाची माहिती त्यांनी जावयाकडे ठेवून पाहिली होती. बाकीची द्यायची की नाही, ते त्या आज यंत्रं डोळ्यांनी बघून ठरवणार होत्या. दिली नाहीत, तर जावई लांबच्या शहरातली नोकरी धरणार होता. म्हणजे लेक जाणार आणि नातही जाणार. नात रोज संध्याकाळी अण्णांच्या मांडीवर बसायची, त्यांचा चष्मा काढून आपल्या नाकावर चढवायची आणि मग गोष्ट ऐकायची. अण्णांनी याबद्दल कोणाकडे चकार शब्द काढला नव्हता. फक्त हल्ली ते गोष्टी लांबवत होते.

म्हणून बाई येण्याआधी यंत्रं कशी लखलखीत दिसली पाहिजेत! जावई सकाळीच दुसऱ्या गावी गेला होता. तिथे यंत्रांचं जुळं भावंड होतं, इथल्या प्रत्येक नोंदीची प्रत ठेवणारं. त्याची तपासणी करून तो दुपारपर्यंत परतणार होता. तेवढ्यात अण्णांनी यंत्रं पुसली, कपाटांच्या कोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि शेवटी बायकोने शिवलेली फुलाफुलांची आवरणं एकेका यंत्राला अंगाबरोबर बसवून नाड्या घट्ट बांधल्या. बारशाला निघालेल्या बाळांसारखी यंत्रं झबल्यांत गोजिरवाणी दिसू लागली. प्रत्येक यंत्रावर जावयाने एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती. बारीक अक्षर. पुस्तकाच्या पाठीवर असतो तसा क्रमांक असणार, असं समजून अण्णांनी ती कधी वाचली नव्हती.

"वाचली नव्हती म्हणजे दिसली नव्हती," असं बायको पुढे म्हणाली. पण ते पुढे.

इतक्यात जावयाचा फोन आला. रस्त्यात ट्रक आडवा झाला होता, त्याला उशीर होणार होता. बाईंना बसवा, चहा द्या आणि काही विचारलंच तर मी शिकवलेलं तेवढंच वाक्य म्हणा, असं त्याने बजावलं. "आणि अण्णा, यंत्रांना हात लावू नका."

"आता कशाला लावू?" अण्णा म्हणाले. ते खरंच होतं.

बाई आल्या. ठेंगण्या, चटपटीत, आणि समोरच्याच्या चेहऱ्याआधी त्याचा चष्मा बघणाऱ्या. चहा नको म्हणाल्या, थेट खोलीत शिरल्या आणि झबली बघून थबकल्या.

"हे काय?"

"धूळ," अण्णा म्हणाले. अनोळखी बाईंसमोर त्यांना एका वेळी एकच शब्द सुचायचा.

बाईंनी मान डोलावली. इतक्या ठिकाणी हिंडले, पण एवढी काळजी कुठे पाहिली नाही, म्हणाल्या. अण्णांना धीर आला. माहिती बाहेर फुटणार नाही ना, असं बाईंनी विचारल्यावर त्यांनी छातीठोक सांगितलं की आमच्याकडे आलेलं सहसा बाहेर जात नाही. कोणी मागायला आलंच तर आधी कशाला हवंय ते विचारतो. बाई जरा चपापल्या. मग लागेल तेव्हा माझी माहिती मला किती वेळात मिळेल, असं त्यांनी विचारलं. अण्णांच्या तोंडून जन्माच्या सवयीने निघून गेलं, "अर्ज आणलाय का?"

बाई हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. अण्णांनी आयुष्यात विनोद केला नव्हता, त्यामुळे तेही घाबरून हसले.

एव्हाना यंत्रांच्या आतले पंखे घोंघावू लागले होते. आधी पिठाच्या गिरणीसारखे, मग उड्डाणाला निघालेल्या विमानासारखे. खोलीत गरम डांबराच्या गोळ्यांचा वास सुटला. बाईंनी ओरडून विचारलं, "एवढा आवाज कसला?"

"मागणी आहे!" अण्णा ओरडले.

बाईंनी नाकाला रुमाल लावला आणि ज्याच्यासाठी त्या आल्या होत्या तो प्रश्न विचारला. हे यंत्र बंद पडलं तर?

हे अण्णांना पाठ होतं. एक यंत्र पडलं तरी दुसऱ्या गावातलं जुळं भावंड आपणहून काम उचलतं, ग्राहकाला कळतसुद्धा नाही, असं त्यांनी शाळेतल्या कवितेसारखं म्हणून टाकलं.

"असं सगळेच म्हणतात हो," बाई म्हणाल्या. "करून दाखवलंय कोणी?"

आणि पंखे थांबले. एकेक करून सगळे हिरवे दिवे मालवले. अण्णांना शांतता जन्मभर प्रिय होती, पण अशी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यांनी जवळच्या झबल्यावर हात ठेवला. ते इस्त्रीसारखं तापलं होतं. क्षणात सगळं कळलं. डोळ्यांसमोर सामान लादलेली गाडी उभी राहिली आणि मागच्या खिडकीत नात.

"बंद केलंत?" बाईंनी विचारलं.

अण्णांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं. "झालं खरं तसं," ते म्हणाले.

बाईंनी मोबाइल काढला. त्यावर बराच वेळ काहीतरी गोल गोल फिरत राहिलं. अण्णांना त्याबरोबर खोलीही फिरताना दिसली. मग ते फिरायचं थांबलं आणि बाई वाचू लागल्या. "गल्लीच्या तोंडाचं दुकान. तुमचीच नोंद काढली आहे, अण्णा. चष्मा दोनदा मोडला. कारण, त्यावर बसले. पुन्हा तेच कारण." त्यांनी नजर वर केली. "यंत्र इथे मेलंय आणि माझं दुकान चालू आहे. मोठमोठ्या कंपन्यांत जाऊन आले, पण माझ्यादेखत यंत्र बंद करायची छाती एकाची झाली नाही. सगळी दुकानं तुमच्याकडे."

जावई धापा टाकत पोचला, तेव्हा करार ठरला होता आणि अण्णा खुर्चीत बसून पाणी पीत होते. त्यांनी त्याला सगळं खरं सांगितलं. जावयाने हळूच झबली सोडली, यंत्रं गार होऊ दिली, पुन्हा सुरू केली आणि मगच बोलला. बाईंना हे कधीही कळता कामा नये, एवढंच बोलला. पण बाईंनी तोवर आपल्या ओळखीच्या व्यापाऱ्यांना त्या धाडसी परीक्षेबद्दल कळवलंसुद्धा होतं. दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. प्रत्येकाला डेटाबेस ठेवायचा होता आणि प्रत्येकाला ती परीक्षा त्याच म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातून बघायची होती.

अण्णा जमिनीपासून दोन बोटं वर चालू लागले. "माझ्यामुळे वाचला धंदा," असं ते एकदा पुटपुटले.

"तुमच्यामुळे नाही," बायको म्हणाली, "तुमच्या तावडीतून."

जाताना बाईंनी एक बजावलं होतं. तुमच्या चष्म्याचा नंबर बदलायची वेळ केव्हाच उलटून गेली आहे, दुकानात या. अण्णा गेले. नवा चष्मा लावून घरी आले, नातीला मांडीवर घेतलं, छोटीशीच गोष्ट सांगितली आणि मग सहज खोलीत डोकावले. यंत्रावरची पांढरी चिठ्ठी आता स्वच्छ दिसत होती. क्रमांक नव्हता तो. जावयाच्या सुबक अक्षरात, यंत्रं आणली त्या दिवसाची तारीख घालून लिहिलं होतं, "अण्णा, यावर कृपया कसलंही पांघरूण घालू नका."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मजकूर तोच राहिला.